पोटखराबा

साखळी तेहतीस फुटी, सोळा आण्यांची.
पुढचं टोक माझ्या हातात, मागचं सरकारच्या.
अठ्ठावीस वर्षं मी करवंदीच्या जाळीतून,
गोठ्यातून, एकदा तर
वाळत घातलेल्या कोकमांच्या मधोमध
सरळ रेघ ओढत गेलो.
साखळी चौफेर फिरली की एक गुंठा.
एवढंच गणित मला येतं.

कुंभाडचा सडा मोजला तेव्हा
सायबांनी छत्री उघडली
आणि तिच्या सावलीत नकाशा भरला.
काळा कातळ, वहाणेतून चटका,
कुठूनशी टिटवी ओरडत होती.
"पिकतं काय इथे?"
"ऊन," म्हणाला यशवंत गोरिवले.
कागदावर आलं: पोटखराबा.

त्याच साली भावांनी वाटप केलं.
पेठेतली, रस्त्याला लागून असलेली
साडेतीन गुंठे जागा दोघांत आली.
अनशीला सडा,
बहिणीची समजूत म्हणून.
तिनं अंगठा नाही दिला, सही केली,
सावकाश,
आडनाव माहेरचं की सासरचं
ह्यापाशी जरा अडून.

मग चौपदरीची माणसं आली.
त्यांच्याकडे साखळी नव्हती.
तीन पायांवर एक यंत्र,
कानात गाणी घातलेला पोरगा,
आणि लाल रंगाचा डबा.
पेठेत वळणं फार, म्हणाले,
घरं फार, भरपाई फार.
रस्ता वरून, सड्यावरून.

पेठ अजून आहे.
शेट्येंकडे उसळीचा एकच टोप चढतो.
लक्झरीवाल्यांसाठी बांधलेल्या चार मोऱ्यांत
शेणी रचून ठेवल्यात.
एस.टी. वरच्या वर जाते,
म्हाताऱ्यांना पुलाखाली उतरवते,
तिथून पेठेत यायला रिक्षा चाळीस मागते.
यशवंताचा गाळा भाड्याने देणे आहे.
उन्हानं पाटीवरचं पहिलं अक्षर खाल्लं,
उरलं: ड्याने देणे आहे.

सड्यावर पंप आला.
मालवणी थाळीत पनीर देणारा धाबा आला.
कातळ फोडून लाल मातीचे ट्रक ओतले,
चुन्याच्या रेघा मारल्या,
प्लॉट, समुद्र दिसेल असे.
दिसतो. टाकीवर चढलं तर.

निवृत्तीनंतर मला बोलावलं, हद्दीचा दगड दाखवायला.
मीच पुरलेला.
सापडला धाब्यात, सहा नंबरच्या टेबलाखाली,
फरशीतून बोटभर वर.
पोरं त्यावर बाटल्या उघडतात.

अनशीच्या जमिनीचे दोन झाले,
तीन अ, तीन ब, मध्ये सरकार.
शेळ्या ह्या अंगाला, चारा त्या अंगाला,
आणि दोन्हीकडे लोखंडी कठडा.
तिच्या दारासमोरून दिवसाला हजारो जातात,
एकाला थांबता येत नाही.
कोल्हापूरचा एजंट दर महिन्याला येतो,
दर महिन्याला गुंठ्यामागे वाढवतो.
ती त्याला कोकम देते.
बघू म्हणते.

परवा कठड्याला टेकून मला म्हणाली,
"तुमी कागुद वाचलाव जल्मभर.
ह्या रस्त्याला काय लिवतात?
जिरायत का वरकस?"

टँकर गेला. त्यामागून एक लांबलचक गाडी,
तिच्यावर नव्या कोऱ्या मोटारी बसलेल्या.
उत्तर तोंडपाठ होतं,
तरी मी चष्मा पुसला.
"पोटखराबा," म्हटलं.
"वर्ग ब. पिकत नाही ना काही."

हसली नाही ती.
शेळ्या रस्त्याखालच्या मोरीत शिरत होत्या,
आत खुरांचा आवाज मोठा व्हायचा,
वरून चाकं गेली की बुडायचा.
पलीकडे बाहेर पडताना तिनं मोजल्या,
ओठ हलवत.
अकरा.

थांबा जरा, म्हणाली,
एक यायचीय.